डबक्यात न सापडणारा बेडूक

आंबोलीला बेडूक बघायला गेलेला सोलापूरकर आधी डबकं शोधतो. आपल्याकडे तेच बरोबर आहे. मृगाचा पहिला दणका बसला की हिप्परग्याच्या तलावाकाठी, नाल्याच्या कडेला, नांगरलेल्या रानातल्या सखल कोपऱ्यात जिथे पाणी साचेल तिथे रात्री डराव-डराव सुरू होतं. पण आंबोलीच्या जंगलातला झुडपी बेडूक डबक्याकडे फिरकतही नाही. त्याची अंडी पाण्यात पडत नाहीत, त्याची पिल्लं पोहत नाहीत, आणि तो स्वतः बहुतेक वेळ कमरेएवढ्या झुडपाच्या पानावर बसलेला असतो. त्यामुळे ओढ्याकाठी दोन तास उभं राहून माणसं परत येतात आणि म्हणतात, छोटे बेडूक काही दिसले नाहीत. खरं तर ते मागच्या कारवीत ओरडत असतात.

हा लेख त्या झुडपी बेडकांबद्दल आहे. शास्त्रीय नाव रावर्चेस्टिस. बंगळुरूचे बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या नावावरून 2010 मध्ये हा वंश वेगळा केला गेला. त्याआधी यातल्या बहुतेक जाती फिलॉटस या वंशात मोडत, म्हणून जुन्या पुस्तकात ते नाव सापडलं तर गोंधळू नका. आज या वंशात सत्तरहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य फक्त पश्चिम घाटात. महाराष्ट्राच्या घाटात कानावर पडणाऱ्यांपैकी एक म्हणजे रावर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस. नाव मुंबईचं असलं तरी नेल्सन ॲनन्डेल यांनी 1919 मध्ये तिचं वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून, म्हणजे गोव्याकडे उतरणाऱ्या रेल्वेच्या घाटातून. आकार दोन ते अडीच सेंटिमीटर, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. रंग तपकिरी, करडा, कधी पिवळसर. बोटांच्या टोकाला गोल चकत्या, त्यांच्या जोरावर तो ओल्या पानाला उभाही चिकटतो. नर ओरडताना गळ्याखालची पिशवी फुगते ती जवळजवळ डोक्याएवढी आणि पारदर्शक असते, विजेरीच्या उजेडात ती बुडबुड्यासारखी चमकते.

आता पावसाचा हिशेब. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. आंबोलीत सात हजारांच्या वर. म्हणजे आपला बारा वर्षांचा पाऊस तिथे एका पावसाळ्यात. हा आकडा ऐकून वाटतं की बेडकाला आणखी काय हवं? पण या बेडकाच्या जगण्यामरण्याचा निकाल पावसाच्या आकड्यावर लागत नाही. पाऊस थांबल्यावर जमिनीपासून पहिल्या दोन मीटरांत ओल किती तास टिकते, यावर लागतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कारण सोपं आहे. बेडकाची कातडी पाणी अडवत नाही. त्याच कातडीतून तो पाणी पितो आणि बराचसा श्वासही घेतो, पण त्यासाठी ती ओली असावी लागते. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त. ग्रॅमभर वजनाचा बेडूक कोरड्या वाऱ्यात पावशेर वजनाच्या डराव बेडकापेक्षा कितीतरी वेगाने सुकतो. आपल्या भागातले बेडूक यातून वाट काढतात ती खाली जाऊन. स्फेरोथिका या खोदणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. तो मागे मागे सरकत नाल्याकाठच्या भुसभुशीत मातीत गाडून घेतो आणि पाऊस येईपर्यंत तिथेच राहतो. झुडपी बेडकाकडे असं अवजार नाही. त्याला वरच ओल हवी.

अंड्यांचं तर आणखी नाजूक. बहुतेक बेडकांत अंड्यातून शेपटीवाला बेडूकमासा निघतो, तो पाण्यात वाढतो, मग पाय फुटतात. रावर्चेस्टिसमध्ये हा सगळा प्रकार अंड्याच्या आतच उरकतो. मादी थोडी, पण मोठी अंडी घालते. काही जाती ती पानावर चिकटवतात, काही पालापाचोळ्याखाली किंवा मातीत उथळ खड्डा करून ठेवतात. प्रत्येक अंड्यात पिवळ्या बलकाचा भरपूर साठा असतो, कारण पिल्लाला बाहेर येईपर्यंत दुसरं अन्न नाही. भ्रूणाला शेपटी येते, पण ती पोहण्यासाठी नसते. पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली ती शेपटी अंड्याच्या आवरणाला आतून टेकलेली असते आणि तिच्यातून हवेची देवाणघेवाण होते. साधारण तीन ते चार आठवड्यांनी काही मिलिमीटरचा, चार पायांचा, पूर्ण तयार बेडूक बाहेर पडतो.

म्हणजे तीन-चार आठवडे हे अंडं उघड्या हवेत, कोणत्याही पाण्याशिवाय, फक्त आजूबाजूच्या दमटपणावर तगून राहतं. वरचं जेलीचं आवरण सुकलं की आतला जीव गेला. जुलैत चार-पाच दिवस उघडीप पडली तर आपल्याकडे डबकी आटतात आणि बेडूकमासे मरतात, ते डोळ्यांना दिसतं. आंबोलीत तेच झालं तर कुणाला दिसतही नाही. पाचोळ्याखालची अंडी मुकाट वाळतात. फरक इतकाच की दाट जंगलात चार-पाच दिवस उघडीप पडली तरी तळाशी ओल राहते, आणि साफ केलेल्या रानात राहत नाही.

ही ओल टिकवतो कोण? सगळे मिळून. वर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशा झाडांचं छत. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या निमसदाहरित जंगलाची ही नेहमीची मंडळी, फार उंच नाहीत पण फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. हे छत ऊन आणि वारा अडवतं. त्याखाली कारवी आणि इतर झुडपं, त्यावर नर बसतात. त्याखाली नेचे, रानहळद, शेवाळलेले दगड. सगळ्यात खाली पालापाचोळा. मला विचाराल तर या चारांत सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित थर पाचोळ्याचाच. वरची पानं कोरडी कुरकुरीत असली तरी हाताने दोन-तीन इंच बाजूला सारा, खाली काळपट, एकमेकांना चिकटलेली, बुरशीचा वास येणारी ओली पानं असतात. अंडी तिथे, पिल्लं तिथे, पिल्लांचं खाणं म्हणजे बारीक मुंग्या, कोळी, स्प्रिंगटेल किडेही तिथेच. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत मोठे बेडूकही पाचोळ्यात, सालीच्या फटीत, झाडाच्या ढोलीत दडून असतात.

म्हणून बिघाड कुठे होतो ते बघा. झाड तोडलं की सगळ्यांना दिसतं, आरडाओरडा होतो. पण हॉटेलामागचं रान 'स्वच्छ' केलं, खालची झुडपं छाटली, पाचोळा गोळा करून पेटवला, तर वरून जंगल तसंच हिरवं दिसतं आणि खाली बेडकासाठी काही उरत नाही. उन्हाळ्यातला वणवा तर नेमका पाचोळाच खातो. मोठी झाडं वाचतात, पुढच्या जूनमध्ये पालवीही येते, पण दडून बसलेले बेडूक जळालेले असतात. दोडामार्गाकडे जंगल जाऊन काजू आणि रबराची लागवड आली. झाडं तीही, पण एका वयाची, एका रांगेत, खाली गवत काढलेलं, वारा आरपार वाहणारा. रस्ता किंवा मोकळा प्लॉट जंगलाच्या मधून गेला की दोन्ही बाजूंची कड सुकते, आणि जंगलाचे तुकडे जितके लहान तितका कडेचा वाटा जास्त. जगभरातल्या उभयचरांच्या 2023 च्या मूल्यांकनात सुमारे 41 टक्के जाती धोक्यात असल्याचं आढळलं. पश्चिम घाटातल्या छोट्या बेडकांचं दुखणं असं की कित्येकांचं अख्खं राज्य एखाद्या डोंगररांगेपुरतं आहे. आंबोलीच्या नावाचाच स्यूडोफिलॉटस आंबोली घ्या. 2009 मध्ये नोंदलेला, रावर्चेस्टिससारखाच अंड्यातून थेट बेडूक होणाऱ्या गटातला. या वंशातल्या बाकी जवळजवळ सगळ्या जाती श्रीलंकेत, भारतात जेमतेम तीन.

दमट जागा म्हणजे किती बारीक अर्थाने दमट, याचं टोकाचं उदाहरण दक्षिणेत आहे. रावर्चेस्टिस कॅलॅझोडिस हा हिरवट बेडूक शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, 2011 मध्ये तो पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं. पुढे कळलं की तो उभ्या, जिवंत वेळूच्या पोकळ पेरात अंडी घालतो. पेराला खालच्या बाजूला किड्यामुंग्यांनी किंवा उंदरांनी पाडलेलं छोटं भोक असतं, त्यातून तो आत शिरतो. भोक स्वतः पाडण्याची ताकद त्याच्यात नाही. मादी आतल्या भिंतीला मोजकी अंडी चिकटवते आणि निघून जाते, नर राखण करत बसतो. राखणारा नर नाहीसा झाला तर त्या अंड्यांचं काही खरं नसतं, दुसरे नरही ती खातात. बंद पेरातली हवा सतत दमट राहते, बाहेर ऊन पडलं तरी. आता वेळूची तोड नेमकी याच काळात झाली तर काय होईल ते सांगायला नको.

एक सावधगिरी. आंबोलीतले सगळेच बेडूक असे नाहीत. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, त्यातून बेडूकमासे खाली टपकतात, त्याला डबकं लागतंच. नाइट फ्रॉग ओढ्यावरच्या पानांवर आणि दगडांवर अंडी देतो. आणि सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा आंबोली भेक, झँथोफ्राइन टायगेरिना, तो जांभ्या दगडावर पहिल्या पावसात साचणाऱ्या बोटभर खोल पाण्यावर अवलंबून. त्याचा विणीचा हंगाम जूनच्या सुरुवातीचे मोजके दिवस. त्याच दिवसांत सड्यावर गाड्या उभ्या करून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते आणि टायरखाली तीच पाणथळ जागा जाते. गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा, इतकं साधं आहे ते.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, मग कोल्हापूर किंवा संकेश्वरमार्गे गडहिंग्लज, आजरा, आंबोली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पावसात दिवस जातो. ओरडण्याचा जोर जून आणि जुलैत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कमी होत जातो. संध्याकाळी सात ते साडेदहा ही वेळ धरा. मुसळधार सरीत जाऊ नका, पावसाच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि बेडूकही गप्प होतात. सर ओसरून रिपरिप किंवा नुसतं धुकं उरलं की बाहेर पडा. राखीव जंगलात रात्री शिरायला वन खात्याची परवानगी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्थानिक जाणकाराबरोबर गावाजवळच्या पायवाटेनेच जावं, तिथेही भरपूर सापडतात.

सोबत काय? डोक्याला बांधायची दोन-तीनशे ल्युमेनची विजेरी, शक्यतो लाल उजेडाची सोय असलेली. नसेल तर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने लावा. गमबूट. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे. इथे लोक मीठ, तंबाखूची पूड, डेटॉल पायाला चोळतात. जळू सुटते खरी, पण तेच मीठ आणि तंबाखू ओल्या पाचोळ्यात उतरतं, आणि बेडकाची कातडी ते शोषून घेते. नको ते. डासांचं मलमही हाताला नको, चेहऱ्याला लावायचं तर हात न लावता, कपड्याने. घरूनच पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर मलमाची फारशी गरज पडत नाही.

झुडपी बेडकाचा आवाज बारीक, तुटक, टिक-टिक-टिक असा. कानाला फसवतो. पानांवर आपटून येत असल्याने डावीकडे वाटलेला उजवीकडे निघतो. पद्धत अशी. आवाजापासून आठ-दहा मीटरवर थांबा, उजेड बंद करा, पाच मिनिटं काही बोलू नका. सुरुवातीला गलका वाटतो, हळूहळू एकेक आवाज सुटा होतो. त्यातला सगळ्यात जवळचा आणि न थांबणारा एकच पकडा. दोघं असाल तर तीन-चार मीटर अंतरावर उभे राहा, दोघांनी डोळे मिटून आवाजाकडे हात करा, मग लाल उजेडात बघा की दोन रेषा कुठे छेदतात. तिथे जा, पण तो ओरडत असताना चाला आणि तो थांबला की थांबा. गप्प झाला तर दोन-तीन मिनिटं जागचे हलू नका, बहुधा शेजारचा सुरू करतो आणि मग हाही उत्तर देतो. जवळ गेल्यावर गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतली पानं वरून बघत या. माणसं चुकतात ती देठाशी आणि फांदीवर शोधण्यात. तो बहुतेकदा पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसलेला असतो आणि वाळलेला डाग समजून आपण पुढे जातो.

हाताने फांद्या बाजूला सारू नका. याच उंचीवर, याच झुडपांत चापडा हा विषारी सापही बसतो, मलबारी चापडाही, आणि त्यांचं जेवण हाच बेडूक आहे.

कान तयार करायचे तर ते सोलापुरातच करता येतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर शहराबाहेरच्या कुठल्याही साचलेल्या पाण्यापाशी रात्री उभं राहा आणि मायक्रोहायला शोधा. हाही दोन-अडीच सेंटिमीटरचा, पण आवाज शरीराच्या मानाने प्रचंड. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा. तो पायाशी असताना दिसत नाही, इतका फसवतो. हा ज्याला सापडला त्याला आंबोलीत अडचण येत नाही.

फोटो काढताना हातात धरायचा मोह होतो. हाताची ऊब तीस अंशांच्या वर, बेडूक वीस-बावीस अंशांच्या हवेतला. शिवाय घामाचं मीठ. आकार दाखवायचा तर शेजारच्या पानावर मोजपट्टी धरून वेगळा फोटो घ्या. ओळख पटवायला पाठीचा, बाजूचा (डोळा आणि कानाचा पडदा स्पष्ट हवा), मागच्या पायांच्या बोटांचा आणि बुबुळाच्या रंगाचा फोटो लागतो. पाठीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. एकाच जातीत पट्टेवाला, ठिपकेवाला, साधा असे प्रकार असतात आणि एकच बेडूक रात्रीतून फिका-गडद होतो. फ्लॅश पसरवून, चार-पाच वेळांपेक्षा जास्त नाही.

ओळखीचा खरा पुरावा आवाजच. मोबाइल मीटरभर अंतरावर धरून एक मिनिट रेकॉर्ड करा, एमपीथ्री नको, वेव्ह फाइल ठेवा, आणि सोबत तापमान लिहा. बेडकाच्या टिकटिकीचा वेग गारठ्यात कमी आणि उबेत जास्त होतो, त्यामुळे तापमानाशिवायचं रेकॉर्डिंग तुलनेला अर्धंच उपयोगी. एखादा स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक सोबत असेल तर मोकळ्या रस्त्यावर, झुडपाच्या उंचीवर आणि पाचोळ्यालगत अशा तीन जागी आकडा घ्या. उघडीप असलेल्या दुपारी हे केलंत तर वर सांगितलेला सगळा भाग आकड्यांत दिसतो. एक मात्र पाळा. रेकॉर्ड केलेला आवाज त्याच बेडकाला पुन्हा पुन्हा ऐकवू नका. दुसरा नर आला समजून तो हद्द राखण्यात ताकद घालवतो, किंवा जागा सोडतो.

घरी नेऊन काचेच्या पेटीत पाळायचा विचार कुणी केला असेल तर तो इथेच सोडावा. वन खात्याच्या परवानगीशिवाय जंगलातून प्राणी उचलता येत नाही, ते एक. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात, दुपारच्या कोरड्या हवेत, पेटी दमट ठेवायला झाकलं तर आत उकडतं आणि थंड ठेवायला उघडलं तर सुकतं. वीज गेली की काही तासांत खेळ संपतो.

परतताना बूट धुणं हे काम बहुतेक जण गाळतात. काइट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, जगभर तिने बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत, आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. ती ओल्या चिखलातून एका जागेहून दुसरीकडे जाते. आधी ब्रशने सगळा चिखल काढा, कारण चिखल राहिला तर ब्लीचचा जोर त्यातच जातो. मग बाजारात मिळणाऱ्या चार टक्क्यांच्या ब्लीचमध्ये तिप्पट पाणी घालून एक टक्क्याचं द्रावण करा, त्यात तळवे मिनिटभर बुडवा आणि साध्या पाण्याने धुवा. हे ओढ्यापासून लांब, मोरीत किंवा डांबरी रस्त्याकडेला करा. ब्लीच नसेल तर 70 टक्के अल्कोहोल फवारा. ही बुरशी पूर्ण कोरडं झालं की मरते, आणि बूट कोरडे करण्यात सोलापूरचं ऊन कुणाला हार जाणार नाही. पण गमबूट आतूनही वाळले पाहिजेत, म्हणून उलटे टांगा, अस्तर बाहेर काढा, आणि ते ठणठणीत होईपर्यंत हिप्परग्याच्या काठी घालून जाऊ नका.

नोंद ऑनलाइन टाकणार असाल तर तारीख, वेळ, पानाची जमिनीपासूनची उंची आणि झाडाचं नाव लिहा. नेमका ठिकाणबिंदू मात्र झाकून ठेवा, तालुका पुरे.